झाकणाआतली तारीख

४ फेब्रुवारी

दुकान उघडलं. शटर तीन महिन्यांत असं गंजलं होतं की हलेना. ओढून ओढून डावा खांदा भरून आला. शेवटी समोरचा चष्मेवाला आला, त्याने खाली एक लाथ घातली तेव्हा कुठे वर गेलं. "वहिनी, एकट्या जमेल का?" म्हणाला. मी म्हटलं, "लाथ घालायला तुम्ही आहातच, बाकीचं जमवते."

ही वही ह्यांनी कामांच्या नोंदीसाठी आणली होती. पहिल्या पानावर चार ओळी, पुढे सगळी कोरी. फेकवेना म्हणून मीच लिहायला घेतली. हे गेले नऊ नोव्हेंबरला. बावीस वर्षं आमची वाटणी पक्की होती. वस्तू उघडायची आणि दुरुस्त करायची ह्यांनी, धुवायची-घासायची-पुसायची मी. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, रेडिओ आणि जुने जाडजूड कीबोर्ड. आता दोन्ही कामं माझ्याच गळ्यात. येतं मला बरंचसं. बावीस वर्षं मी काही डोळे मिटून बसले नव्हते.

वरच्या घरात आता मी आणि सासूबाई. वय पंच्याऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून. पस्तीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होत्या. हल्ली खिडकीशी बसून ह्यांच्या कामाच्या जुन्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर उतरवून काढतात. कुणाची वस्तू, काय बिघडलं, कधी दिली. "लेकाचं अक्षर फिकं पडायच्या आत," म्हणतात. दिवसभर डोक्यावर टकटक, टकटक. आधी वैताग यायचा, आता थांबली की जीव वर-खाली होतो.

७ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक. कोपऱ्यावरच्या घरातला एक तरुण माणूस वडिलांचा टेबल रेडिओ घेऊन आला. "साफ करून ठेवून घ्या, कुणाला हवा असला तर द्या. आमच्याकडे आता ऐकायला कुणी नाही." डोळे लाल होते बिचाऱ्याचे, सर्दी असेल. लावून बघितला तर ठणठणीत वाजतो!

ह्यांचं एक खूळ इथे लिहून ठेवते, नाहीतर माझ्या मागे कुणाला कळायचं नाही. वस्तू बंद करताना हे झाकणाच्या आतल्या बाजूला टोच्याने बारीक तारीख कोरायचे. त्या दिवसाची नव्हे, पुढची. "ह्या तारखेला परत येणार बघ." मी विचारायची, "कशावरून?" तर म्हणायचे, "हातात घेतली की सुचते." मग आमची पैज. हरेल त्याने चहा करायचा. बहुतेक वस्तू परत आल्याच नाहीत, किंवा इतक्या वर्षांनी येणार होत्या की पैज विसरून जायची. चहा मात्र मीच करायची, ते वेगळं.

रेडिओ उघडला. आत तारीख २९ जानेवारी. आला सातला, आणि बिघाड काहीच नाही. अहो, डबल हरलात.

१० फेब्रुवारी

चष्म्याची दांडी मोडली. चष्मेवाल्याकडे टाकला. चार दिवस लागतील म्हणाला. समोर दुकान आणि चार दिवस! चष्म्याविना मला बारीक काही दिसत नाही, म्हणून विचार केला की ह्या चार दिवसांत आमच्याच घरचे दोन कीबोर्ड धुऊन काढू. ह्यांच्या आजारपणापासून दोन्हींना पाणी लागलेलं नाही.

दोन्ही एकाच घाण्यातले. चार वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या कचेरीतून हे भंगारात घेऊन आले होते. एक सासूबाईंना दिला, एक खाली दुकानात माझ्यासाठी. जुळी भावंडं. फरक एवढाच की माझ्याच्या बुडाला मागचा उजवा रबरी पाय नाही, आल्यापासूनच नाही. चौघडी केलेला पुठ्ठा घालून मी चार वर्षं काढली.

११ फेब्रुवारी

सकाळी दोन्ही कीबोर्ड खोलले. तारेच्या चिमट्याने एकेक बटण उपटलं. बटणांच्या खाली काय काय निघतं ते बघितलं तर माणूस कीबोर्डला हात लावायचा नाही. सासूबाईंच्या बटणांखाली पांढरे केस, बिस्किटाचा चुरा, एक टाचणी आणि चक्क अर्धी गोळी. म्हणजे रक्तदाबाची गोळी घेतली म्हणून मला सांगतात ते असं. माझ्या बटणांखाली साबणाची खपली आणि ह्यांचा एक केस. माझा नाही, आखूड होता. तो ठेवून दिला.

बटणं दोन वेगळ्या जाळीच्या पिशव्यांत घातली. दोन्ही बुडं मात्र एकाच टपात, कोमट साबणाच्या पाण्यात. मऊ ब्रशने घासली आणि गॅलरीत सावलीला उभी केली. काम झकास झालं. टप उचलताना दम लागला. बसून काम करून करून अंगातली ताकदच गेली आहे.

१४ फेब्रुवारी

आज जोडणी. चष्मा अजून आला नाही, पण बटणं बसवायला मला डोळे लागत नाहीत, बोटांना पाठ आहे. बुडं वाळून खडखडीत झाली होती. चार-चार स्क्रू, झालं काम. सासूबाईंचा वर नेऊन दिला. त्यांनी वास घेतला, बोटं फिरवली, म्हणाल्या, "घासकाम बरं आहे तुझं." सत्तावीस वर्षांच्या संसारात ही पहिली शाबासकी. तीही 'घासकाम'!

१५ फेब्रुवारी

"अगं, हा डुगडुगतोय," सासूबाई वरून ओरडल्या. "इतकी वर्षं नाही डुगडुगला. काय केलंस त्याला?"

"आई, टेबल वाकडं झालं असेल. नाहीतर तुमचे हात."

"माझे हात सरळ आहेत. तुझी जीभ वाकडी आहे."

टेबलाच्या पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला. तरी म्हणे डुगडुगतोच. कुरकुर केल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. इकडे माझा कीबोर्ड मात्र धुतल्यावर एकदम शहाणा झालाय. खालचा पुठ्ठा झाडताना कुठे उडाला कुणास ठाऊक, पण त्याच्याविनाही नीट बसतो. धूळच अडकली असणार इतकी वर्षं.

१७ फेब्रुवारी

चष्मा आला एकदाचा. गल्लीतल्या टोपीवाल्या काकांचा टेबलफॅन त्यांचा पुतण्या घेऊन आला. "काकांना आता लागणार नाही." हवापालटाला गेले असतील. पाती पुसली, तेल घातलं. पंखा आवाजसुद्धा करत नाही. आत तारीख १२ फेब्रुवारी. अहो, पाच दिवसांनी हुकलात, आणि पुन्हा बिघाड शून्य. उगाच तुम्हाला हुशार समजत होते मी.

डाव्या बाजूची दाढ ठणकते आहे. पार जबड्यापासून खांद्यापर्यंत कळ जाते. डेंटिस्टकडे जायला हवं, पण दुकान कोण बघणार?

२४ फेब्रुवारी

झालं तसं लिहून ठेवते.

सकाळी वाचनालयातल्या ग्रंथपालांची बायको आली. पदराखाली काहीतरी घट्ट धरून. त्यांचा कीबोर्ड. "साफ करून द्या, पण बटणांवरची अक्षरं जशी झिजली आहेत तशी राहू द्या. धुऊ नका. त्यांची बोटं आहेत हो ती." आणि काउंटरवर डोकं ठेवून रडल्या. ग्रंथपाल वीस तारखेला गेले. चांगले चालते-फिरते होते, दुपारी जेवून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

त्या गेल्यावर मी कीबोर्ड उलटा केला, चार स्क्रू काढले. आता चष्मा आहे डोळ्यांवर. ह्यांचं अक्षर. २० फेब्रुवारी.

वर टकटक चालू होती. मग जिना चढून गेले, दम खात विचारलं, "आई, टोपीवाले काका...?"

"बारा तारखेला," टाइप करता करताच म्हणाल्या. "मी पेपरातून वाचून दाखवलं होतं की. तू ऐकतेस कुठे! निधनाची बातमी म्हटलं की तुझं लक्ष कुकरकडे."

"आणि तो रेडिओ आणून देणारा... त्याचे वडील, कोपऱ्यावरचे?"

"एकोणतीस जानेवारी. गुरुवार होता. का गं? तोंड का पांढरं पडलंय तुझं?"

मी म्हटलं, दाढ दुखते.

२५ फेब्रुवारी

दुकान बंद ठेवलं. शटर अर्धं खाली ओढून ह्यांचा ड्रिल घेऊन बसले. स्वतःचा ड्रिल ह्यांनी दोन वर्षांपूर्वी स्वतःच उघडून साफ केला होता, मला आठवतंय, कारण त्या दिवशी दिवसभर बोलले नव्हते.

ड्रिलच्या झाकणाच्या आत प्लॅस्टिक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलं होतं. तिथे पूर्वी काहीतरी कोरलेलं असावं. त्याच्याच शेजारी ९ नोव्हेंबर. तीही अर्धी घासलेली. तिच्या खाली पुन्हा ९ नोव्हेंबर. असं तीनदा. घासायचं आणि कोरायचं, घासायचं आणि कोरायचं. अहो, घासलीत तुम्ही, मग पुन्हा कोरली कुणी? तुमचंच अक्षर आहे. नऊचं शेपूट तुमच्याशिवाय कुणी असं वळवत नाही.

म्हणजे माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं, आणि माझ्याशी भाजीत मीठ कमी म्हणून भांडत होतात!

आता एकेक आठवतंय. तेव्हापासून टोच्याला हात लावायचे नाहीत. ओळखीच्या माणसांच्या वस्तू घ्यायचेच नाहीत, दुसऱ्या दुकानाचा पत्ता द्यायचे. मी केवढी भांडले होते त्यावरून. आणि सारखं मागे लागायचे, दुकान बंद करू, वर्ष-दोन वर्षं नुसते हिंडू. मी म्हणायची, कामं पडलीत ढीगभर, हिंडायला काय झालंय? "माझ्यासाठी नाही म्हणत गं, तुझ्यासाठी म्हणतोय," असंसुद्धा म्हणाले होते. शेवटपर्यंत माझंच बघितलं ह्या माणसाने.

आणि नऊ नोव्हेंबरला सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दुकानात आले, अकराला म्हणाले, "बंद कर, बागेत जाऊन बसू." मी गेले. कुरकुरत गेले, पण गेले. तेवढं एक बरं केलं मी. बाकावर बसून ह्यांनी माझा हात धरला होता, भर दुपारी, चारचौघांत. मी म्हटलं, सोडा, लोक बघतायत. सोडला नाही. आणि मग सुटला.

२ मार्च

पाच दिवस नुसती घरात फिरत होते. घरातल्या कुठल्या वस्तूंना ह्यांचा हात लागलाय? मिक्सर नवा आहे. इस्त्री कंपनीने बदलून दिलेली. राहता राहिले दोन कीबोर्ड. चार वर्षांपूर्वी ह्यांनीच दोन्ही उघडून, जोडून, बंद केले होते. आणि मी मेलीने गेल्या महिन्यात ते धुतले तेव्हा डोळ्यांवर चष्मा नव्हता.

दोन मनं होती. एक म्हणे उघड, दुसरं म्हणे मुकाट्याने बस. शेवटी सासूबाई दुपारच्या झोपल्या तेव्हा त्यांचा कीबोर्ड हळूच उचलून खाली आणला.

२३ मार्च. ह्याच वर्षीचा.

एकवीस दिवस.

मग माझा उघडला. का उघडला मला माहीत नाही. बघायचाच नव्हता. आजपासून नऊ वर्षं आणि चार महिने. आणि माझ्या मनात जे आलं ते लिहिते, कारण ही वही कुणी वाचणार नाही. मला हायसं वाटलं. वर म्हातारी झोपली आहे, तिच्या नावावर एकवीस दिवस, आणि मी इथे बसून हुश्श केलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

बुड लावून कीबोर्ड परत ठेवला. उठल्यावर बसल्या, टकटक सुरू. "अजून डुगडुगतोय," म्हणाल्या.

५ मार्च

पॉलिश पेपर घेऊन तारीख घासायची असं दहादा मनात आलं. ड्रिलचं झाकण आठवतं आणि पेपर परत खणात ठेवते. घासली, आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं, आणि पुन्हा असली तर? अक्षर ह्यांचं असलं तर? आणि माझं असलं तर?

घरातल्या सगळ्या वायरी तपासल्या. बाथरूममध्ये रबरी चटई घातली. गॅसची नळी बदलली. जिन्याला दोरी बांधली. सासूबाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. "जहाज बुडतंय का?"

११ मार्च

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. ईसीजी, रक्त, लघवी, सगळं. डॉक्टर म्हणाला, "आजींचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे." सासूबाई विजयी मुद्रेने माझ्याकडे बघतात. डॉक्टर मला म्हणाला, "तुमचा रंग बरा दिसत नाही, तुमचाही एक काढू या." मी म्हटलं, माझं नंतर बघू, मला घाई नाही. नऊ वर्षं आहेत की माझ्याकडे. हे अर्थात बोलले नाही.

परत येताना जिन्यात मलाच धरून उभं राहावं लागलं. रोज दगदग होते आहे, दुसरं काय?

१५ मार्च

दुकान आता रोज बाराला बंद. दुपारी दोघी बाहेर पडतो. आज त्यांच्या जुन्या कचेरीच्या इमारतीपाशी गेलो. खालच्या मजल्यावर आता बुटांचं दुकान आहे. काचेला नाक लावून दाखवत होत्या, "तिथे माझं टेबल. तिथे साहेब. साहेबाला स्वतःचं नावसुद्धा टाइप करता येत नव्हतं." मग बूट बघितले आणि एक जोड घालूनही बघितला. "टिकाऊ आहे का?" असं त्या विक्रेत्याला दोनदा विचारलं. मला तिथेच रडू फुटलं. म्हटलं, धूळ गेली डोळ्यांत.

"खरं सांग," रिक्षात म्हणाल्या, "त्या डॉक्टरने काही सांगितलं का तुला? मला ह्या वयात लपवाछपवी नको."

"काही नाही, आई. तुम्ही ठणठणीत आहात."

"मग इतकी गोड का वागतेस? मला भीती वाटते."

हसलो दोघी. हसताना माझ्या जबड्यात कळ आली.

१८ मार्च

आज खाली दुकानात येऊन बसल्या, पहिल्यांदाच. ग्रंथपालांचा कीबोर्ड साफ करत होते. बटणं न काढता, कापसाच्या काडीला थोडं स्पिरिट लावून, कडाकडांनी. तासभर बघत राहिल्या.

"हे असं करतेस होय तू," म्हणाल्या. "मला वाटायचं भांडी घासल्यासारखं." मग पदर खोचून, "मला शिकव."

एक काडी हातात दिली. हात स्थिर आहे हो त्यांचा. खरंच सरळ आहेत हात. मी वाकड्या जिभेने बोलले होते त्याची लाज वाटली. चार वाजेपर्यंत दोघींनी मिळून तो कीबोर्ड पुरा केला. झिजलेली अक्षरं तशीच ठेवली.

२२ मार्च

उद्या.

आज त्यांनी ह्यांची शेवटची चिठ्ठी टाइप केली. संपलं काम. चाळीस-बेचाळीस पानं झाली, नीट भोकं पाडून दोऱ्याने बांधली. मग माझा हात हातात घेतला. असं त्या कधी करत नाहीत. म्हणाल्या, "लग्न होऊन आलीस तेव्हा मी म्हटलं होतं, घासकामाची पोरगी आणली. त्याला फार लागलं होतं ते. तुला कधी कळलं का?"

"कळलं होतं, आई."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकता कुठे!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना कुशीत घेतलं. पाखराएवढं अंग राहिलंय. देवा, ह्या बाईला नेऊ नकोस. मला माझी आई आठवतसुद्धा नाही, हीच एक आहे. माझ्या नऊ वर्षांतली चार हिला दे. पाच दे. मी हे मनापासून लिहिते आहे.

२३ मार्च, सकाळी ७

उठल्या आहेत. चहा प्यायल्या. निधनाच्या बातम्या मोठ्याने वाचल्या आणि आज मी सगळ्या ऐकल्या.

मी इस्त्रीची साडी नेसले. का ते मलाच माहीत नाही. ह्यांनी केलं तसं करावं वाटलं.

दुपारी १२

बागेत जाऊन आलो. त्याच बाकावर बसलो. मी त्यांचा हात सोडला नाही. "लोक बघतायत," म्हणाल्या. बघू देत म्हटलं. त्यांनी शेंगदाणे खाल्ले, खारीला घातले, खारीला शिव्याही घातल्या. परत येताना मला दोनदा थांबावं लागलं, त्या पुढे. "चल गं, म्हातारी कोण आहे आपल्यात?"

दुपारी ४

वर टकटक चालू आहे. आता काय टाइप करतायत कोण जाणे. म्हणाल्या, "गुपित आहे." दर पाच मिनिटांनी मी हाक मारते, त्या "जिवंत आहे!" म्हणून ओरडतात. मी त्यांना काही सांगितलं नसताना असं कसं ओरडतात?

संध्याकाळी ५.३०

अहो, हरलात! डॉक्टर बरोबर, तुम्ही चूक. बसल्या आहेत, गाणं गुणगुणताहेत. अजून दिवस संपायचा आहे, पण माझं मन सांगतंय. मला इतकं हलकं वाटतंय की हसू येतंय. बाकी अंगात त्राण नाही, डावा हात पार बधिर झालाय, घाम फुटलाय. तीन आठवड्यांचा ताण आता उतरतो आहे.

दुकानातच जरा टेकते. दहा मिनिटं. मग वर जाऊन चहा. हरलेल्याने करायचा, पण तुम्ही कुठले करताय? मीच करणार, नेहमीसारखा.

२ एप्रिल

माझं अक्षर चांगलं नाही. आयुष्यभर टाइप केलं, हाताने लिहायचा सराव नाही. पण ही वही हाताची आहे म्हणून हातानेच लिहिते.

ती मला त्या दिवशी पावणेसातला सापडली. काउंटरवर डोकं ठेवून, ही वही हाताखाली. चहाची वाट बघून मी खाली आले होते, रागावूनच आले होते. चष्मेवाला धावत आला, पण काही उरलं नव्हतं.

वही मी आज वाचली. गिऱ्हाइकांच्या वस्तू परत द्यायच्या म्हणून उघडली होती, नोंद असेल असं वाटलं. दोनदा वाचली. मग माझा कीबोर्ड उलटा केला. मागचा उजवा रबरी पाय नाही. कधीच नव्हता, तिच्या बुडाला. मग खाली जाऊन तिचा उलटा केला. चारही पाय शाबूत. ती चष्म्याविना धुवायला बसली, दोन्ही बुडं एका टपात घातली, आणि माझं बुड तिच्या कीबोर्डला लागलं, तिचं माझ्या. एवढंच झालं. मी पहिल्याच दिवशी ओरडले होते डुगडुगतोय म्हणून. मी ओरडते, कुणी ऐकत नाही.

नऊ वर्षं चार महिने माझे आहेत. पंच्याऐंशीत नऊ मिळवले की चौऱ्याण्णव. तिने त्यातली मला चार द्यायला काढली होती. पाच. माझीच मला. पोरी, किती गं वेडी तू.

त्या दिवशी मी तुझ्यासाठी टाइप करत होते. तुझ्या कामाची यादी. लेकाच्या प्रत्येक चिठ्ठीपुढे 'धुलाई: सूनबाई' असं घालत होते. बाराशे सतरा वस्तू. संध्याकाळी दाखवणार होते.

सकाळी ग्रंथपालांची बायको कीबोर्ड न्यायला आली. मी शटर उघडलं. चष्मेवाल्याने लाथ घातली. बटणांवरून तिने बोट फिरवलं आणि विचारलं, "आता दुकान बंद का हो?" मी म्हटलं, नाही, मी शिकते आहे. पुढची इतकी वर्षं करायचं तरी काय नाहीतर?

बुडं मी बदलली नाहीत. तुझं माझ्याखालीच असू दे.

दुपारी खालचं टेबल सरकवलं तेव्हा भिंतीकडेला पुठ्ठा सापडला, चौघडी केलेला, तुझ्या घडीचा. वर आणून कीबोर्डखाली घातला. आता डुगडुगत नाही.